दप्तरीकाकांनी वाचलेला कागद

दप्तरीकाकांचा आवडता शब्द एकच होता, ‘नव्हते’. झाशीतल्या आम्हा मराठी घरांत कुठलंही लग्न असो, पंगतीत कोणीतरी जिलबी मोडता मोडता सुरू करायचाच, “आमचे खापरपणजोबा बाईसाहेबांच्या खास पथकात होते...” की पंगतीच्या टोकाकडून, पानावरून मान वर न करता, आवाज यायचा, “नव्हते.” बोलणारा चिडायचा. “मग कोण होते, तुम्हीच सांगा.” काका सांगायचे, “कोठीवर धान्य मोजायचे. चोख मोजायचे.” आणि वाढप्याकडे मठ्ठा मागायचे. तरुणपणी मला या सवयीचं हसू यायचं. पुढे याच सवयीपायी आमच्या गावाचा डोंगर गेला. तेव्हापासून तिची आठवण झाली की तोंड कडू होतं.

आमचं गाव करौंदी. झाशीहून बबीन्याच्या रस्त्याला लागायचं, मग डावीकडे कच्च्या वाटेनं आत. तिन्ही बाजूंना दगडी टेकड्या, त्यांना इकडे टौरिया म्हणतात. एकावर एक रचून ठेवल्यासारखे काळे गुळगुळीत धोंडे, मधल्या फटींतून तेंदू, धावडा आणि अचार, म्हणजे तुमची चारोळी. महाराष्ट्रातले पाहुणे ‘हा कसला डोंगर?’ असं म्हणायचे. पण आमच्या खोऱ्यातलं पाणी, गवत, सावली, सगळं त्या टौरियांचं होतं. सगळ्यांत मोठी पूर्वेची. तिच्यावर पडलेला पाऊस तलावात उतरायचा आणि तलावावर साठ घरं जगायची. टौरियाच्या पायथ्याला सहरिया आदिवासींची पंधरा-वीस खोपटी. ते लोक आमच्या आधीपासूनचे. किती आधीपासूनचे ते फक्त दप्तरीकाकांना ठाऊक होतं, कारण ते विचारायला फक्त तेच गेले होते.

काका गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी काठी घेऊन खोऱ्याला फेरी घालायचे आणि जो भेटेल त्याला बरोबर ओढायचे. चालता चालता प्रत्येक दगडाचा इतिहास सांगत. तो ऐकून कोणाची छाती फुगली नाही. झाशी पडली तेव्हा चार मराठी कुटुंबं दोन बैलगाड्यांतून पळत या खोऱ्यात शिरली, ही आमच्या गावाची सुरुवात. इतर घरांत याच गोष्टीत घोडे होते, रक्त होतं, पाठलाग होता. काकांच्या गोष्टीत जुलाब होते. “चौघांत मिळून तलवार एक होती,” ते सांगत, “तीही तिसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारीला दिली. घेणारा म्हणाला, हिची खुरपी होतील.” त्या चौघांतला एक कारकून, तो काकांचा पूर्वज. काकांचं ‘दप्तरी’ हे नाव त्याच्यावरूनच गावानं पाडलेलं. दुसरा भिक्षुक. तो माझा.

ज्वारी संपल्यावर सहरियांनी या चार कुटुंबांना आठवडाभर मोहाची फुलं उकडून खायला घातली. म्हणून करौंदीच्या मराठी घरांत गुढीपाडव्याला कडुनिंबाबरोबर वाळलेला मोह चावायची चाल आहे. दुसरीकडे कुठे नसेल. आमच्या पिढीत सगळ्यांनी ती गुपचूप सोडून दिली, कारण सुना माहेरी सांगायला लाजायच्या. काकांनी सोडली नाही. पाडव्याला त्यांच्या घरचं पहिलं ताट हलकीबाईकडे जायचं. हलकीबाई सहरियांतली वडीलधारी बाई, वाळक्या शेंगेसारखी आणि तशीच खणखणीत. काका म्हणायचे, “खाल्लेलं विसरलं तर चालतं. ज्याचं खाल्लं त्याला विसरू नये.” वाक्य चांगलं आहे. चांगल्या वाक्यांचा मला तिटकारा त्यांच्यामुळेच आला.

एकदा शहरातून पाच-सहा मराठी सद्गृहस्थ संगमरवरी पाटी घेऊन आले. गावाच्या तोंडाशी एक मोडका चौथरा आहे. त्यावर ‘येथे वीरांनी अखेरची झुंज दिली’ असं लिहिलेली पाटी बसवायची होती. हार होते, पेढे होते, फोटोवाला होता. काकांनी पाटी शांतपणे वाचली आणि म्हणाले, “इथं बैल बांधले होते.” एकानं हळूच म्हटलं, “काका, झुंज झालीच नाही असं तरी कसं म्हणता?” काका म्हणाले, “झाली ना. दोन कुटुंबांत. चाऱ्यावरून.” पाटी परत गेली. पेढे मात्र गावानं खाल्ले. मी सर्वांत जास्त खाल्ले आणि हसून हसून ठसका लागला. त्या वेळी काकांचा खरेपणा दुसऱ्यांच्या खर्चानं चालला होता. म्हणून मला तो गोड लागत होता.

माझं सांगायचं तर वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी मी झाशीला आलो. बड्या बाजारात एका पत्र्याच्या दुकानात झाडू मारला, मग रिवेट ठोकले, मग हातगाडीवर पेट्या विकल्या. आज माझं स्वतःचं लोखंडी पेट्यांचं दुकान आहे. बबीन्याच्या छावणीत बदली झाली की फौजींच्या बायका माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याशी भाव करून जो टिकला तो जगात कुठेही टिकेल. मी भांडकुदळ आहे हे मला माहीत आहे. पण भांडण म्हणजे काय, तर समोरच्याला काय हवंय आणि आपल्याला काय सोडवेल याचा अंदाज. हे काकांना कधी कळलं नाही. ते भाजीवाल्याला म्हणायचे, “किती म्हणालास? बरं.”

त्यांच्या घरी एक कागद होता. खंडेनवमीला बाकीची मराठी घरं शस्त्रं पुजतात. काकांच्या घरी तलवार नव्हतीच, म्हणून पाटावर दौत, बोरू आणि पूर्वजानं लिहिलेला गावाच्या शिवेचा कागद मांडायचे. इंग्रज मोजणीला येणार म्हणून त्या कारकुनानं गावाच्या चारही सीमा लिहून पंचांचे अंगठे घेतले होते. कागद मोडीत. वर्षानुवर्षं हळदकुंकू लागून त्याच्या कडा पिवळ्या आणि तेलकट झाल्या होत्या. आम्ही सगळे त्याला नमस्कार करायचो, पण त्यात काय लिहिलंय हे कोणी विचारलं नाही. मोडी वाचणारे अख्ख्या खोऱ्यात एकटे काका उरले होते. हे लक्षात ठेवा, सगळी गोष्ट यावरच आहे.

मग गिट्टीवाले, म्हणजे डोंगर फोडून खडी विकणारे, आले. झाशीच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी आधीच खायला घेतल्या होत्या, आता पूर्वेच्या टौरियावर डोळा होता. त्यांचं म्हणणं असं, की टौरिया गावाच्या हद्दीत नाही, बेवारस पडीक आहे, सबब फोडायला द्यावी. तहसीलचा नकाशा काढला, तर नेमका तो कोपरा वाळवीनं खाल्लेला. तिथले साहेब म्हणाले, गावात येऊन चौकशी करतो, जुना काही पुरावा असेल तर दाखवा. मला बातमी लागली तेव्हा मी दुकान मुनीमावर टाकून करौंदीला गेलो. खोटं कशाला सांगू, मला डोंगराचा उमाळा आला नव्हता. चावी आपल्या हातात असावी एवढाच हिशेब होता. टौरिया गावाची ठरली की ती फोडायची की राखायची, ते गाव ठरवील. तलाव वाचेल, सहरिये वाचतील, आणि गिट्टीवाल्यांना आपल्या दारात बसावं लागेल.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी काकांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी कागद उलगडला आणि सरळ वाचून दाखवला. पूर्वेची सीमा : तलावाची पाळ. तेथून पुढे मोठी टौरिया, ती गावाबाहेर. आणि पुढचं वाक्य : टौरिया पूर्वापार सहरिये लोकांचे वहिवाटीची, मोह, अचार व गवत त्यांचे, गावाने हक्क सांगू नये.

मी सौदा करणारा माणूस. म्हटलं, “काका, उद्या एवढंच करा. ‘गावाबाहेर’च्या जागी ‘गावात’ वाचा.”

“लिहिलंय बाहेर.”

“ते तुम्हाला दिसतंय. साहेबाला मोडी येते? गिट्टीवाल्याला येते? देवाला तरी येते का?”

ते हसले. “तू पत्रा बावीस गेजचा सांगून पातळ चोवीसचा देतोस का रे?”

“गिऱ्हाईक बघून देतो.”

“म्हणजे देतोस.”

“काका, बावीस-चोवीस सोडा. डोंगर जाईल!”

“कसा जाईल? पुढं लिहिलंय ना सहरियांचा म्हणून. बेवारस कुठे आहे तो? मी सगळं वाचलं की साहेबाला कळेल.”

मी डोक्याला हात लावला. “साहेब सगळं ऐकत नसतो हो! त्याला हवं तेवढं ऐकतो आणि पेन बंद करतो. बरं, खोटं बोलू नका. फक्त दुसरं वाक्य वाचा. पहिलं गाळा.”

“अर्धा कागद वाचणं म्हणजे काय रे?”

“शहाणपणा.”

“आमच्या कारकुनानं हे वाक्य का लिहिलं, ठाऊक आहे? गावाचे पंच म्हणत होते, टौरिया आपल्यात घाल. गोरा साहेब परका, त्याला काय कळतंय? तुझंच म्हणणं. तो नाही म्हणाला. ज्यांचा मोह खाल्ला त्यांचा डोंगर लाटायचा नाही म्हणाला. अख्ख्या इतिहासात आपल्या लोकांनी केलेलं तेवढं एक बरं काम आहे. ते मी खोडू?”

मी अजून दोनदा वळसा घालून बघितलं. आपुलकी दाखवली, मग धमकी दिली. शेवटी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, “तुमच्या खरेपणाला कुत्रं विचारत नाही. चाळीस वर्षं पंगतीत लोकांची तोंडं बंद केलीत, आता गावाचं तोंड बंद कराल.” काकांनी कागद घडीवर घडी घालून ठेवला. “चहा घेऊन जा,” म्हणाले. मी न घेता निघालो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात टेबल मांडलं. साहेब, त्यांचा बाबू, गिट्टीवाल्यांचा पांढऱ्या बुटांतला माणूस, आणि अख्खं गाव. सहरिये कुंपणाशी उकिडवे बसले होते. हलकीबाई पुढे, मांडीवर अचारांची टोपली. मी लांब लिंबाला टेकून, हाताची घडी घालून उभा होतो. ठरवलं होतं, आज आपण एक शब्द बोलायचा नाही, म्हाताऱ्याला कळू दे.

काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. कागद दोन्ही हातांत धरून आधी मराठीत, मग हिंदीत वाचू लागले. उत्तरेची सीमा, पश्चिमेची, दक्षिणेची. बाबू लिहीत होता. मग पूर्वेची. “...तालाब की पाल. उससे आगे बड़ी टौरिया, सो गाँव के बाहर.”

“बस,” साहेब म्हणाले. “हो गया. लिखो, ग्राम का प्राचीन अभिलेख भी पहाड़ी को ग्राम से बाहर बताता है.”

“साहेब, पुढं आहे,” काका घाईनं म्हणाले. “आगे लिखा है, टौरिया सहरियों की...”

“पंडितजी, हमें गाँव की हद देखनी थी. देख ली.”

बाबूनं पेनला टोपण लावलं. पांढऱ्या बुटांचा माणूस उठून काकांच्या पाया पडला! साठ घरांच्या देखत वाकून पाया पडला आणि म्हणाला, “ऐसे सच्चे लोग अब कहाँ मिलते हैं.” आणि काका, टेबल गुंडाळलं जात असताना, खुर्च्या उचलल्या जात असताना, कागद धरून पुढचं वाक्य वाचत राहिले. कोणी ऐकत नव्हतं. हलकीबाई तेवढी उठून जवळ आली. “और का लिखो है, पंडज्जू?” काकांनी तिला ते वाक्य बुंदेलीत सांगितलं. ती म्हणाली, “जौ तो हमें मालूमई हतो,” आणि त्यांच्या ओंजळीत मूठभर अचार घातले.

त्या क्षणी मी ओरडलो असतो तर? बड्या बाजारात चार आण्यांसाठी मी अशी बोंब ठोकतो की रस्ता थांबतो. साहेबाची जीप अडवून ‘पुढचं वाक्य लिहा’ म्हणायला किती वेळ लागला असता? अख्ख्या गावात ते जमणारा मी एकटा होतो. पण मी रुसलो होतो. हाताची घडी मोडली नाही.

पुढचं सांगताना शिसारी येते. रोज दुपारी सुरुंग. भिंतींना तडे, तलावावर पांढरी साय, मोहाच्या फुलांवर पिठासारखी धूळ. लोक खोकायचे तर थुंकी राखाडी. आणि आमचे लोक! ज्या मराठी पोरांनी काकांच्या दारावर शेण फेकलं, ‘गद्दार’ म्हणून ओरडले, त्यांनीच वर्षभरात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले आणि त्याच टौरियाची गिट्टी वाहू लागले. लग्नात बसून पुन्हा खापरपणजोबांची पथकं सांगू लागले. आता टोकाकडून आवाज येत नव्हता, कारण काकांना बोलावणंच बंद झालं होतं. मीही बोलावलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात माझाच साडू हात हलवत सांगत होता की आमचे पूर्वज तोफ घेऊन करौंदीत आले. तोफ! मी त्याला वाढत होतो. गप्प वाढलं.

चार-पाच वर्षांनी काका एकदा दुकानात आले. झाशीची बस धरून, दोनदा बदलून. वाळले होते, पण धोतर तसंच धुतलेलं. बबीन्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती. काका म्हणाले, “एक अर्ज लिहायचाय. दुसऱ्या वाक्याचा. अर्धी टौरिया अजून उभी आहे. माझी हिंदी मास्तराची, कचेरीत चालत नाही. तुझं बोलणं खणखणीत. तू लिही, मी सही करतो.”

मी म्हणालो, “काका, धंद्याची वेळ आहे.”

“मी बसतो.”

“बसू नका. ज्याला सगळं वाचता येतं त्यानं लिहावं.”

गिऱ्हाइकं हसली. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “बरं,” म्हणाले, भाजीवाल्याला म्हणत तसंच. पायरी उतरताना त्यांनी एका पेटीच्या झाकणावर बोट वाजवून पाहिलं. “चोवीस,” म्हणाले आणि गेले. ते बरोबर होते, पेटी चोवीसचीच होती. तीच आमची शेवटची भेट.

त्या हिवाळ्यात ते वारले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. काकूंनी कागद माझ्या हातात ठेवला. “तुझ्याकडे द्यायला सांगून गेलेत.” मी विचारलं, “मलाच का?” काकू म्हणाल्या, “म्हणाले, तो भांडतो.”

मनात किल्मिष असं की आधी मी कागदच तपासून घेतला. ग्वाल्हेरला एक मोडी वाचणारे गृहस्थ शोधले. म्हातारा कुठेतरी चुकला असेल, अशी आशा मला खरंच होती. पहिल्या वाक्यात एखादा शब्द त्यानं उगाच घातला असेल, म्हणजे निदान माझा राग तरी खरा ठरेल. त्या गृहस्थांनी भिंग लावून वाचलं. अक्षर न अक्षर तेच.

मग मी भांडलो. दुकान मुलावर सोडून मी तहसील, जिल्हा, खाणखातं असे उंबरे झिजवले. त्या बाबूंच्या टेबलांवरची पानाची थुंकी, ‘कल आइए भैया’, हरवलेली आणि पुन्हा मागितलेली तीच ती कागदपत्रं, यांची मला इतकी घाण आली की घरी येऊन हात धुवायचो. हलकीबाईचा अंगठा, सहरियांच्या सगळ्या खोपट्यांची नावं, मोडीचा हिंदी तर्जुमा, सगळं जोडलं. प्रत्येक ठिकाणी तर्जुमा मी उभा राहून शेवटापर्यंत वाचायचो. मधे ‘बस’ म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन साहेब बदलले. तिसऱ्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि जागेवर माणूस पाठवायचा हुकूम केला.

उत्तर आलं तेव्हा मी ते दुकानात उघडलं नाही. सरळ करौंदीला गेलो. टौरियाच्या जागी आता खड्डा आहे, तळाला हिरवं पाणी. काठावर सहरियांच्या बाया बसून हातोडीनं गिट्टी फोडतात, त्यांच्याच डोंगराची, टोपलीच्या भावानं. हलकीबाई तिथेच होती. मी तिच्यासमोर दगडावर बसलो, पाकीट फाडलं आणि जावक क्रमांकापासून मोठ्यानं वाचू लागलो. प्रार्थियों का दावा अभिलेख के अनुसार विचारणीय है. दिनांक अमुक को मौके का निरीक्षण किया गया. मौके पर उक्त पहाड़ी नहीं पाई गई. अतः प्रकरण समाप्त किया जाता है.

खाली सही होती, शिक्का होता. तेही वाचलं.

हलकीबाईनं खड्ड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“लिखबे वारे ने साँची लिखी, भैया,” ती म्हणाली. “पहाड़ तो अब हैई नइयाँ.”

आणि तिनं पुढचा दगड ओढून घेतला.